ज्याला गिऱ्हाईक आहे त्यालाच पगारवाढ?

(विद्यापीठातील माणसे टिकवण्याच्या प्रश्नावरील व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठातील एखादा नामांकित प्राध्यापक दुसरीकडून आलेले नेमणुकीचे पत्र घेऊन कुलगुरूंच्या दालनात जातो. कालपर्यंत 'तरतूद नाही' हे एकच उत्तर देणाऱ्या प्रशासनाला दुसऱ्या दिवशी तरतूद सापडते. चार आगाऊ वेतनवाढी, एखादा विशेष भत्ता, मोठे निवासस्थान, प्रयोगशाळेला अनुदान, असे काही ना काही देऊन त्याला थांबवून घेतले जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत ही रीत इतकी रुळली आहे की बाहेरचे पत्र आणल्यावाचून पगार वाढत नाही, अशी तेथील अनेक अध्यापकांची समजूत होऊन बसली आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली संशोधनाचे सरकारी मूल्यमापन सुरू झाले आणि त्यावर अनुदान ठरू लागले, तेव्हापासून मूल्यमापनाचे वर्ष जवळ आले की नावाजलेले संशोधक पळवण्याची चढाओढ तेथे लागू लागली. भारतात वेतनश्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशीने ठरतात, म्हणून सरकारी विद्यापीठांत हा प्रकार आजवर आटोक्यात राहिला. परंतु खासगी आणि अभिमत विद्यापीठांची संख्या वाढली तसे एक मत आग्रहाने मांडले जाऊ लागले: गुणी माणसे टिकवायची असतील तर समान वेतनश्रेणीचा हट्ट सोडा, ज्याची जितकी बोली होईल तितके त्याला द्या.

हे मत तपासून पाहायला तंजावर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचित सापडेल.

या जिल्ह्यातील कुंभकोणम गावी श्रीनिवास रामानुजन वाढले. तेथील सरकारी कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. गणिताखेरीज इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे ते इंग्रजीत नापास झाले आणि ती शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजातूनही परीक्षा पार पडली नाही. पदवी नाही म्हणून विद्यापीठात जागा नाही, आणि जागा नाही म्हणून पोट भरण्याचे साधन नाही. १९१० नंतर काही काळ रामचंद्र राव या अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून त्यांना दरमहा २५ रुपये दिले. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर हिशेबनीस कारकून म्हणून लागले.

१६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. फेब्रुवारीत हार्डींचे उत्तर निघाले. त्याच सुमारास सिमल्याच्या वेधशाळेचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मद्रासला त्यांचे काम पाहून विद्यापीठाला शिफारस केली. लगोलग मद्रास विद्यापीठाला वाट सापडली. संशोधन-शिष्यवृत्तीला वरची पदवी लागते हा नियम बाजूला ठेवण्यात आला आणि १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. १९१४ च्या आरंभी केंब्रिजचे नेव्हिल त्यांना नेण्यासाठी मद्रासला आले, तेव्हा तेच विद्यापीठ वर्षाला २५० पौंड आणि प्रवासखर्च देण्यास तयार झाले. १९१८ च्या ऑक्टोबरात ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सहा वर्षांसाठी वर्षाला २५० पौंडांची फेलोशिप दिली. मद्रास विद्यापीठाने त्यावर पाच वर्षांसाठी वर्षाला २५० पौंड देऊ केले. पौंडाला पौंड अशी ही बरोबरी होती!

या हकीकतीचा सर्वसाधारणपणे गौरवाने उल्लेख होतो, आणि ज्यांनी नियम वाकवला त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९१२ साली रामानुजन यांच्या वह्यांत जे गणित होते तेच १९१३ सालीही होते. तो माणूस मद्रास शहरातच, विद्यापीठापासून फार तर तासाभराच्या अंतरावर, बंदराच्या कचेरीत आकडे लिहीत बसला होता. बदल झाला तो एवढाच की दुसऱ्या कोणीतरी त्याची किंमत केली. म्हणजे विद्यापीठाने विद्वत्ता पारखली असे म्हणण्यापेक्षा बाहेरची मागणी पारखली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. खुद्द रामानुजन यांनी मात्र जानेवारी १९१९ मध्ये विद्यापीठाला लिहून कळवले की ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे, आईवडिलांना द्यायचे ५० पौंड आणि आपला खर्च भागल्यावर जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या शाळेच्या फीसाठी वापरावे. २६ एप्रिल १९२० रोजी ते वारले. त्यांच्या पत्नी जानकी अम्माळ यांना विद्यापीठाकडून दरमहा २० रुपये मिळत. काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या, आणि मद्रासला परतून त्यावर त्यांनी चरितार्थ चालवला. जानकी अम्माळ यांच्यासाठी केंब्रिजहून कोणी पत्र पाठवणार नव्हते.

आज कुंभकोणमच्या त्या घराचे स्मारक झाले आहे. ते तंजावरच्या शास्त्र या अभिमत विद्यापीठाच्या ताब्यात असून, हे विद्यापीठ २००५ पासून दरवर्षी तरुण गणितज्ञाला रामानुजन यांच्या नावाने १०,००० डॉलरचे पारितोषिक देते. चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न पारितोषिकाचा नाही. आज पोर्ट ट्रस्टमध्ये कोण बसले आहे, हा आहे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या राजवाड्यातच आहे. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांसाठी खुले झाले. तेथे संस्कृत आणि तमिळ हस्तलिखितांबरोबर तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत आणि त्याशिवाय भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत, तेराशेच्या वर रुमाल. छत्रांचा खर्च, देवळांची व्यवस्था, ग्रंथखरेदी, दरबारी नोकरांचे पगार, सण-समारंभ, तंटे-बखेडे, सगळे त्यांत आहे. दक्षिणेतील एका राज्याचा दैनंदिन संसार एवढ्या बारकाईने दाखवणारी साधने फार थोडी आहेत. १९८१ साली तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८४ साली, के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा राजांच्या काळातील राजकारण व समाजजीवन यांवरील तमिळ ग्रंथ विद्यापीठाने काढला, आणि १९८९ साली मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. तमिळ इतिहासकारांना मराठी अंमलाची माहिती इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांऐवजी मूळ कागदांवरून मिळू लागली ती या कामामुळे.

हे काम कोणामुळे झाले? मोडी वाचणाऱ्यांमुळे. मोडीत आधी सबंध ओळीवर रेघ ओढतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे एकात एक गुंतवीत जातात. तंजावरच्या मोडीतली मराठी पिढ्यानपिढ्या तमिळ आणि तेलुगूच्या शेजारात राहिलेली, त्यामुळे नित्याचे शब्दही पुण्याच्या पेशवे दप्तरातल्यासारखे नाहीत. पुण्याचा जाणकारही तेथे सुरुवातीला अडखळणार. उलट, तंजावरातील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, पण घरी मराठी बोलता येते म्हणून मोडी वाचता येते असे नाही. मोडी, जुनी मराठी, महसुलाची परिभाषा आणि तमिळ, एवढे सगळे एका माणसात एकत्र यायला दहा-पंधरा वर्षे कागद हाताळावे लागतात. कोश उघडून हे साधत नाही.

आता अशा माणसाला प्रतिबोलीच्या न्यायाने तोलून पाहू. त्याच्या कामाचे उपयोगमूल्य किती? तो नसेल तर तेराशे रुमाल मुके होतात, इतके. आणि विनिमयमूल्य? जवळजवळ शून्य. कोणतीही कंपनी त्याला बोलावणार नाही, कोणतेही खासगी विद्यापीठ त्याच्यासाठी दीडपट पगाराचे पत्र काढणार नाही, परदेशी विद्यापीठांच्या क्रमवारीत त्याच्यामुळे एका गुणाचीही भर पडणार नाही. मार्क्सने मालाविषयी सांगितलेला हा भेद माणसाच्या विद्येला लागू करण्याची वेळ यावी हेच मुळात दुर्दैव. पण ज्या दिवशी विद्यापीठ 'बाहेर तुम्हाला किती मिळते ते दाखवा' असे म्हणू लागते, त्या दिवशी ते स्वतःच विद्येला माल ठरवते. मग ज्याच्या जागी दुसरा माणूस जाहिरात देऊन महिन्याभरात मिळेल त्याचा पगार वाढतो, आणि ज्याच्या जागी दुसरा माणूस वीस वर्षांतही मिळणार नाही त्याला 'तरतूद नाही' हेच उत्तर मिळत राहते. तो सोडून जात नाही, म्हणून त्याला टिकवण्याचा प्रश्न कागदावर कधी उपस्थितच होत नाही. तो एक दिवस निवृत्त होतो. पद रिकामे राहते. त्याबद्दल ओरडही होत नाही, कारण रिकामे पद ही हिशेबात बचत असते.

हेच पत्र आणण्याचा मार्ग आणखी कोणाला बंद असतो, ते पाहण्यासारखे आहे. ज्या अध्यापिकेचे कुटुंब, मुलांची शाळा, घरातील आजारी माणसे तंजावरात आहेत, ती चेन्नईचे वा दिल्लीचे पत्र कशाच्या बळावर दाखवणार? ती जाणार नाही हे प्रशासन ओळखून असते. प्रयोगशाळेतील सहायक, ग्रंथालयातील हस्तलिखिते सांधणारा कारागीर, परीक्षा विभागातील कारकून, यांना तर असे पत्र येतच नाही. निष्ठेने एका जागी राहणे हा या व्यवस्थेत दंडनीय अपराध ठरतो, आणि जाण्याची धमकी हीच गुणवत्ता होते. शिवाय असे व्यवहार बंद दाराआड होतात. शेजारच्या टेबलावरील माणसाला किती मिळते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याला वाढ मिळाली तो संघटनेच्या सभेला येणे हळूहळू बंद करतो.

दरबारांच्या काळात अशी ओढाओढ नव्हती असे नाही. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी सरफोजी राजांनी ग्रंथ, छापखाना, वैद्यक, संगीत यांवर हात सैल ठेवून खर्च केला. तरी माणसे गेलीच. तंजावरचे सुब्बराव त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांचे शिक्षक झाले आणि पुढे दिवाणही. मराठी कीर्तनकार मेरुस्वामी तिकडेच गेले. दरबारातील चौघा नट्टुवनार भावांपैकी वडिवेलू त्रावणकोरात रमले आणि १८३४ साली त्यांना तेथे हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस मिळाले. राजाची मर्जी, दुसऱ्या राजाची जास्त मर्जी, असा तो मामला होता. १८५५ साली तंजावरचे संस्थान खालसा झाले आणि मर्जीवर जगणारी सगळी मंडळी उघड्यावर पडली. टिकला तो ग्रंथसंग्रह. न्यायाधीश बर्नेल यांनी केलेली संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० साली छापली गेली, आणि १९१८ नंतर त्याला सार्वजनिक संस्थेचे रूप आले. कुलगुरूंच्या अखत्यारीतील विशेष भत्ता हा जुन्या मर्जीचाच नवा पोशाख आहे. कुलगुरू बदलला की भत्ता बदलतो.

आता दुसरी बाजू. संगणकशास्त्राचा चांगला अध्यापक उद्योगात तिप्पट पगारावर जातो, शल्यचिकित्सक खासगी रुग्णालयात जातो, हे खरे नाही का? खरे आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून केवळ समतेचा घोष करणे म्हणजे वर्ग रिकामे ठेवणे. परंतु त्यावर उपाय प्रतिबोलीच आहे असे नाही. १९५९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय तंजावरातच आहे. सरकारी डॉक्टरांना खासगी व्यवसाय न करण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता देण्याची पद्धत देशात जुनीच आहे. हीदेखील टिकवण्यासाठी दिलेली जादा रक्कमच आहे. फरक इतकाच की तो भत्ता नियमाने, जाहीरपणे, त्या कामावरील प्रत्येकाला मिळतो. त्यासाठी कोणाला दुसरीकडचे पत्र दाखवावे लागत नाही आणि कोणाच्या दालनात ताटकळावे लागत नाही.

या बाबतीत समाजवादी चळवळीचा अनुभवही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पॅरिस कम्यूनने १८७१ साली सरकारी नोकराचा पगार वर्षाला ६,००० फ्रँकहून अधिक नसावा असे ठरवले. क्रांतीनंतर सहाच महिन्यांत, एप्रिल १९१८ मध्ये, लेनिनला जुन्या राजवटीतील तज्ज्ञांना चढे पगार देण्याचे समर्थन करावे लागले. पण ते करताना त्याने ही कम्यूनच्या तत्त्वापासून घेतलेली माघार आहे असे स्वच्छ सांगितले, आणि ती कामगारांपासून लपवू नये असा आग्रह धरला. पुढे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या सदस्यांना केवळ सदस्यत्वासाठी दरमहा वेगळी रक्कम मिळत असे. त्या प्रथेने तेथेही विद्वानांचा एक वरचा थर तयार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जादा पगार केव्हा देऊच नये असे यातून निघत नाही. कोणाला, कशासाठी आणि किती मुदतीसाठी दिला हे सर्वांसमोर सांगता येत नसेल तर तो देऊ नये, एवढे मात्र निघते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आठवण होईल. १८८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या आजीव सदस्यांनी बेताच्या पगारावर शिकवण्याचे व्रत घेतले होते. वाढत्या संसाराची अडचण आगरकरांनी मांडली. सर्वांना सारखे वेतन आणि बाहेरची मिळकत नको, हा टिळकांचा आग्रह. या वादातूनही १८९० साली टिळक बाहेर पडले. दोघांचेही म्हणणे आज पुन्हा वाचण्यासारखे आहे, कारण दोघेही तो वाद बरोबरीच्या सहकाऱ्यांत, खुल्या बैठकीत करीत होते. त्यागाची महती पगार घेणाऱ्याने सांगितली तर ऐकावी. पगार देणाऱ्याने सांगितली तर सावध व्हावे.

वस्तुतः विद्यापीठातील माणसे गेल्या अर्धशतकात टिकली ती संघटित मागणीतून आलेल्या वेतनश्रेणींमुळे. १९७३ पासूनच्या श्रेणीत अधिव्याख्याता ७०० रुपयांपासून आणि प्राध्यापक १५०० रुपयांपासून सुरू होत. १९८७ साली देशभरच्या प्राध्यापकांनी संप केला. २०१६ पासूनच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० रुपयांची, प्राध्यापकाची १,४४,२०० रुपयांची आहे. अंतर दुपटीहून थोडे अधिक होते, ते अडीचपट झाले. ही गोष्टही नजरेआड करू नये. पण खरी दरी या श्रेणींच्या आत नाही, त्यांच्या बाहेर आहे. अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाचे मानधन तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवले. ही कमाल मर्यादा. हातात पडते ते पुष्कळ ठिकाणी याहून बरेच कमी, आणि सुटीच्या महिन्यांत काहीच नाही. महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील अध्यापकांची गत हीच आहे. ज्या विभागाचा निम्मा अध्यापनभार असे अध्यापक वाहतात, त्याच विभागातील एका नामवंताला थोपवण्यासाठी विशेष समिती बसते. या तरुणांना थोपवण्यासाठी कोणती समिती बसते?

तंजावरहून चिदंबरम फार दूर नाही. १९२९ साली स्थापन झालेले अण्णामलै विद्यापीठ २०१२ साली आर्थिक संकटात सापडले. नेमणुका बेसुमार झाल्या होत्या आणि पगारकपातीची भाषा सुरू झाली. कर्मचारी रस्त्यावर आले. २०१३ साली तमिळनाडू सरकारने कायदा करून विद्यापीठ ताब्यात घेतले आणि पुढे अतिरिक्त ठरलेल्या सेवकांना सरकारी महाविद्यालयांत व कचेऱ्यांत सामावून घेतले. या प्रक्रियेत गावे बदलली, हाल झाले, तक्रारी अजून आहेत. तरीही हजारो माणसांची नोकरी राहिली ती कोणाच्या वैयक्तिक पत्रामुळे नव्हे. उलट मदुरै कामराज विद्यापीठात २०२४ साली पगार आणि निवृत्तिवेतने थकली, तेव्हा तेथील कोणत्या प्राध्यापकाची बाहेर किती बोली होते याचा काहीही उपयोग नव्हता.

याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या पूर्व भागात शेतमजुरांनी सर्वांना एकच वाढीव माप मागितले होते. जमीनदारांनी त्यांना नमवण्यासाठी बाहेरचे मजूर आणले, आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणीत ४४ दलित माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, जाळून मारली गेली. १९६९ साली रास्त मजुरीचा कायदा आला. त्या माणसांच्या दुःखाशी प्राध्यापकाच्या वेतनवाढीची तुलना करणे अशोभनीय होईल. पण मजुरी माणूस पाहून नव्हे, काम पाहून आणि सर्वांना सारखी ठरली पाहिजे, हे तंजावरला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही.

तेव्हा मागणी काय करायची? प्रत्येक विद्यापीठाने ज्या कामांना बाहेर बाजार नाही पण जी थांबली तर पुन्हा उभी राहणार नाहीत, अशा कामांची यादी शिक्षक व शिक्षकेतर संघटनांच्या सहभागाने करावी आणि जाहीर करावी. मोडीवाचन, ताडपत्रांची सूची, हस्तलिखितांची दुरुस्ती, कोशकार्य, बोलीभाषांची नोंद, वनस्पतींचे संग्रहालय, अशी ती यादी होईल. त्या पदांवर कंत्राटी नेमणूक नको. जादा भत्ता द्यायचा असेल तर तो आधी तेथे, नियमाने. बाहेर जाऊ इच्छिणाऱ्याला दोन वर्षांचा धारणाधिकार मिळावा, म्हणजे जाण्याची धमकी देण्याची कोणाला गरज राहणार नाही आणि परत येण्याची लाजही वाटणार नाही. आणि मोडीवाचकाचे पद तो निवृत्त झाल्यावर नव्हे, निवृत्तीच्या निदान पाच वर्षे आधी भरावे. दोघे एकाच मेजावर बसतील. पहिल्या वर्षी नव्या माणसाकडून फारसे काम होणार नाही. तो रुमाल सोडील, बांधील, शेजाऱ्याला विचारीत राहील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखाद्या कारकुनाचे अक्षर दुरूनच ओळखू लागेल.